तीन पट्टे पुरतात, पण कोणाला? शॅनन यांचा १९९५ चा पेपर पुन्हा वाचताना

या वेळी वाचायला घेतलाय तो जेमतेम दोन पानांचा पेपर आहे. दोन पानं म्हणून हलक्यात घेऊ नका. श्रवणशास्त्र, ध्वनिशास्त्र किंवा स्पीच प्रोसेसिंगमध्ये पीएचडी करायचा विचार असेल तर पहिल्या सहा महिन्यांत कोणीतरी तो तुमच्या हातात ठेवणारच. रॉबर्ट शॅनन, फॅन-गँग झेंग, विवेक कामत, जॉन वायगोन्स्की आणि मायकेल एकेलिड या पाच जणांचा हा पेपर ऑक्टोबर १९९५ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. काम लॉस एंजेलिसच्या हाउस इअर इन्स्टिट्यूटमधलं. शीर्षकाचा मराठीत अर्थ साधारण असा: मुख्यतः काळाशी संबंधित खुणांवरून बोलणं ओळखणं.

मी तो तीनदा वाचला. पहिल्यांदा कोर्सवर्कमध्ये, दुसऱ्यांदा जर्नल क्लबसाठी आणि तिसऱ्यांदा अपराधी वाटून. तिसऱ्या वाचनाबद्दल पुढे सांगते, कारण खरं तर ही पोस्ट त्याच्याचमुळे लिहायला घेतली.

आधी प्रयोग समजून घेऊ. बोलण्याचा आवाज घ्यायचा आणि वारंवारतेनुसार त्याचे काही रुंद पट्टे करायचे. एक पट्टा, दोन, तीन किंवा चार. प्रत्येक पट्ट्यात आवाज कधी वाढतो, कधी ओसरतो याची फक्त बाहेरची रेघ काढायची. हिला एन्व्हलप म्हणतात. डोंगररांगेचं चित्र काढताना आपण झाडं-दगड सोडून नुसती कडा काढतो ना, तसं. रेघेच्या आतली बारीक थरथर, जिला फाइन स्ट्रक्चर म्हणतात, ती टाकून द्यायची. मग त्याच पट्ट्यातली खरखर घ्यायची, रेडिओचं स्टेशन हललं की येते तशी, आणि ती खरखर त्या रेघेप्रमाणे कमी-जास्त करायची. शेवटी सगळे पट्टे एकत्र करून ऐकवायचे. याला नॉइज व्होकोडर म्हणतात. व्होकोडरची कल्पना जुनीच आहे. बेल लॅब्जमध्ये होमर डडली यांनी १९३० च्या दशकात ती टेलिफोनसाठी मांडली होती. शॅनन यांनी ती कानाच्या प्रश्नाला लावली.

आता हे कॉक्लिअर इम्प्लांटशी कसं जोडलंय? निरोगी कानाच्या आतल्या शंखात सुमारे साडेतीन हजार आतल्या केसपेशी असतात, आणि शंखाच्या तळापासून टोकापर्यंत प्रत्येक जागा वेगळ्या वारंवारतेला दाद देते. तळाकडे उंच सूर, टोकाकडे खालचे. या पेशी गेल्या की मेंदूकडे जाणारी वाट तुटते, पण श्रवणचेता बऱ्याच अंशी शिल्लक असते. इम्प्लांट म्हणजे शंखात सरकवलेली एक बारीक तार. तिच्यावर कंपनीनुसार १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड असतात. कानामागचा प्रोसेसर आवाजाचे पट्टे करतो, प्रत्येकाचा एन्व्हलप काढतो, आणि त्या प्रमाणात त्या-त्या इलेक्ट्रोडवर विजेचे ठोके देतो. ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलेली पद्धत, जिच्यात सगळे इलेक्ट्रोड एकदम न पेटवता एकामागोमाग एक ठोके देतात, ती यातली मोठी उडी. म्हणजे साडेतीन हजारांचं काम वीसेक जणांवर. हे चालतं तरी कसं, हा तेव्हाचा खरा प्रश्न होता. लोकांना ऐकू येत होतं, काही जण फोनवर बोलत होते, आणि कारण मात्र नीट हाती लागत नव्हतं.

शॅनन यांचं उत्तर सुंदर आहे. आठ श्रोते, सगळ्यांचे कान चांगले. त्यांना स्वरांमध्ये ठेवलेली १६ व्यंजनं, ८ स्वर आणि साधी वाक्यं ऐकवली. एका पट्ट्यावर अवस्था वाईट. दोन पट्ट्यांवर बरीच सुधारणा. तीन पट्ट्यांवर ओळख चांगलीच वाढली आणि चारवर वाक्यं जवळजवळ पूर्ण कळली. शिवाय एन्व्हलपची रेघ किती बारकाईने काढायची हेही त्यांनी बदलून पाहिलं: १६, ५०, १६० आणि ५०० हर्ट्झ. ५० च्या वर नेऊन काही फायदा दिसला नाही, १६ वर आणलं की थोडा तोटा झाला. म्हणजे बोलण्याचा गाभा हा संथ चढउतारांत आहे, आणि तो मोजक्याच रुंद पट्ट्यांत मावतो. स्वर ओळखायला फॉर्मंटचे शिखरबिंदू हवेतच असं मानणाऱ्यांना हा चांगलाच धक्का होता.

प्रयोगाची रचना बघा. एका वेळी एकच गोष्ट हलवली आहे. पट्टे किती, आणि रेघ किती बारीक. बस. आपल्यातले बरेच जण पहिल्या प्रपोजलमध्ये सात गोष्टी एकदम हलवतात आणि मग गाईडसमोर सांगता येत नाही की परिणाम कशाचा. या दोन पानांची झेरॉक्स टेबलावर ठेवली तरी तो मोह आवरतो.

इथपर्यंत माझं पहिलं वाचन. आता माझी चूक.

माझी मावशी मिरजेला असते. तिने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पन्नाशीनंतर तिचं ऐकणं हळूहळू कमी होत गेलं आणि शेवटी श्रवणयंत्राचाही उपयोग राहिला नाही. डॉक्टरांनी इम्प्लांट सुचवलं. खर्च लाखांत. घरात मी एकटीच 'या विषयातली', म्हणून काकांनी मला बोलावून विचारलं, "हिला नेमकं कसं ऐकू येणार गं?" मी मोठ्या उत्साहात लॅपटॉप उघडला. जर्नल क्लबसाठी केलेली चार पट्ट्यांची क्लिप होतीच. माझ्याच आवाजातलं एक वाक्य होतं. ते लावलं आणि म्हटलं, "असं."

काकांनी दोनदा ऐकलं. वाऱ्यात कोणीतरी कुजबुजतंय असं ते वाटतं. काका काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी आईकडून कळलं की त्यांनी विषय बंद केलाय. "एवढे पैसे घालून भुतासारखे आवाज ऐकवायचे का तिला?" ऑपरेशन आठ महिने लांबलं. त्या आठ महिन्यांनी मावशीच्या ऐकण्यावर काय परिणाम झाला हे कोणाला मोजता येणार नाही. पण ते आठ महिने ती हॉलमध्ये सगळ्यांच्या तोंडांकडे बघत बसायची आणि जेवण झालं की उठून आत जायची, हे मी पाहिलं आहे. आणि त्याला कारण ठरली माझी एक क्लिप आणि तिच्याआधी उच्चारलेला एक शब्द.

म्हणून तिसरं वाचन. या वेळी मी पेपरला एकच प्रश्न विचारला: यातलं नेमकं काय इम्प्लांट असलेल्या माणसाबद्दल आहे? उत्तर थोडं अस्वस्थ करणारं आहे. प्रयोगातलं काहीच नाही. पेपरात इम्प्लांट असलेला एकही माणूस नाही. लेखकांनी ते लपवलेलं नाही, श्रोत्यांचे कान चांगले आहेत हे स्पष्ट लिहिलंय. पण गोषवाऱ्याचं शेवटचं वाक्य वाचा. मोजक्या रुंद पट्ट्यांतली काळानुसार बदलणारी आकृती बोलणं ओळखायला पुरेशी आहे, असा त्याचा आशय आहे. कोणाला पुरेशी? कुठे? कशा प्रकारचं बोलणं? त्या वाक्यात शांत खोली नाही, सराव नाही, साधी वाक्यं नाहीत. माझी पेपरवर पहिली तक्रार ही आहे. 'पुरेसं' हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही, त्याच्यामागे 'अमक्याला अमक्यासाठी' लागतंच. दोन पानांच्या पेपरात जागा कमी असते हे मान्य. पण लोकांच्या लक्षात गोषवारा राहतो, आणि पुढची कित्येक वर्षं तेच वाक्य पेपरामागून पेपरात फिरत राहतं.

आता ओळखण्याच्या कामाकडे बघा. १६ व्यंजनांतून एक निवडायचं आहे. यादी समोर आहे. डोळे मिटून उत्तर दिलं तरी सव्वासहा टक्के बरोबर येतात, आणि ८ स्वरांत साडेबारा. त्यात श्रोत्यांना आधी कित्येक तासांचा सराव दिलेला होता. हे चुकीचं अजिबात नाही, कारण कामगिरी स्थिर झाल्यावरच तुलना करता येते. पण हा आकडा उचलून 'चार पट्ट्यांवर बोलणं कळतं' असं म्हणताना सराव गळून पडतो. लंडनमधल्या स्टुअर्ट रोझेन, अँड्र्यू फॉकनर आणि लूसी विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये चार पट्ट्यांचंच व्होकोडर वापरलं. वाक्यं वेगळी, श्रोते वेगळे, सराव वेगळा. वाक्यांतले शब्द ओळखण्याचं प्रमाण आलं ६४ टक्के. पट्टे तितकेच, पण 'जवळजवळ पूर्ण' आणि ६४ यांच्यात एका माणसाचं फोनवर बोलणं जमणं आणि न जमणं एवढं अंतर असू शकतं.

रोझेन यांच्या पेपरातला खरा मुद्दा मात्र पुढे आहे, आणि तो माझ्या क्लिपबद्दल शॅनन यांच्यापेक्षा जास्त सांगतो. इम्प्लांटची तार सहसा शंखाच्या टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे खालच्या सुरांची माहिती, जी टोकाकडे जायला हवी, ती त्याच्या अलीकडच्या, उंच सुरांच्या जागी पोचते. सगळं बोलणं वर सरकवल्यासारखं. शॅनन यांच्या व्होकोडरमध्ये हा घोळ नव्हता, प्रत्येक पट्टा आपल्या जागी होता. रोझेन यांनी मुद्दाम तो घोळ घातला, शंखात साडेसहा मिलिमीटर सरकल्याइतका. ६४ चे झाले १. एक टक्का! इथे थांबून कोणी निष्कर्ष काढला असता तर म्हणाला असता की इम्प्लांट चालणंच शक्य नाही. पण ते थांबले नाहीत. त्यांनी श्रोत्यांशी त्याच सरकवलेल्या आवाजात गप्पांसारखा सराव केला, वीस-वीस मिनिटांच्या नऊ बैठका. एकूण तीन तास. १ चे ३० झाले.

तीन तासांत तीस. इम्प्लांट असलेला माणूस जागेपणी रोज बारा-चौदा तास तेच ऐकतो, महिनोन्‌महिने. मावशीचं स्विच-ऑन झालं त्या दिवशी ती म्हणाली की सगळे जण शिट्ट्या मारतायत आणि कोणीतरी चमचे वाजवतंय. ऑडिओलॉजिस्टने मॅपिंग केलं, पुन्हा बोलावलं, पुन्हा केलं. तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरातून काकांनी मारलेली हाक तिने पाठमोरी असताना ओळखली. पाचव्या-सहाव्या महिन्यात, काका समोर नसताना, ती माझ्याशी फोनवर चार वाक्यं बोलली. मोठेपणी बहिरेपण आलेल्यांमध्ये सुधारणेचा मोठा भाग पहिल्या काही महिन्यांतला असतो, आणि नंतरही ती हळूहळू चालू राहते. हे मला तेव्हाही पुस्तकात माहीत होतं. तरीही मी काकांना पहिल्या सेकंदाचा आवाज ऐकवून वर्षभरानंतरचं उत्तर दिलं होतं.

क्लिप ऐकवण्याची आपली जी रीत आहे तिच्यातही एक गंमत आहे, ती नीट बघून ठेवा. बहुतेक सादरीकरणांत आधी व्होकोडरचा आवाज लावतात, मग मूळ वाक्य, मग पुन्हा व्होकोडरचा. दुसऱ्या खेपेला सगळा वर्ग "अरे हो!" म्हणतो. इंग्लंडमध्ये मॅट डेव्हिस, इन्ग्रिड जॉन्सरूड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हाच परिणाम पद्धतशीर तपासला. वाक्य काय आहे हे आधी कळलं की विस्कटलेला आवाज एकदम स्पष्ट 'वाटतो', आणि अशा जोड्या ऐकून नवीन वाक्यंही लवकर कळायला लागतात. अवघ्या तीसेक वाक्यांत फरक दिसतो. म्हणजे वर्गात आपण जे दाखवतो ते यंत्राचं कसब कमी आणि श्रोत्याच्या मेंदूचं जास्त असतं. माझी स्वतःची क्लिप मला 'बऱ्यापैकी स्पष्ट' वाटत होती, कारण वाक्य माझंच होतं. काकांना ते वाक्य माहीतच नव्हतं. मी आणि काका एकाच सोफ्यावर बसून दोन वेगळे आवाज ऐकत होतो.

आतापर्यंत असं वाटेल की व्होकोडर इम्प्लांटपेक्षा वाईट चित्र रंगवतो. तसंही नाही, आणि इथेच खरी अडचण आहे. दुसरी बाजू बघू. व्होकोडरमध्ये पट्टे एकमेकांपासून नीट वेगळे असतात. शंखात इलेक्ट्रोड द्रवात बसलेले असतात आणि द्रवातून वीज पसरते. शेजारशेजारचे इलेक्ट्रोड बऱ्याच अंशी त्याच चेतापेशी उठवतात. मुलाखतीला वीस जण बसलेत पण आवाज मिसळून सात-आठच वेगळे कळतायत, असं काहीसं. फिशमन, शॅनन आणि स्लॅटरी यांनी १९९७ मध्ये प्रत्यक्ष इम्प्लांट असलेल्यांना घेऊन चालू इलेक्ट्रोडची संख्या बदलून पाहिली. १ पासून ४ पर्यंत झपाट्याने सुधारणा, मग ७, १०, २० केले तरी बहुतेक चाचण्यांत ढिम्म. फ्रीसन, शॅनन, बाशकेंत आणि वांग यांनी २००१ मध्ये त्याच्यात गोंगाट घातला. चांगल्या कानांच्या श्रोत्यांना व्होकोडरमध्ये जसजसे पट्टे वाढवले तसतसा फायदा होत गेला, २० पर्यंत. इम्प्लांट असलेल्यांचा आलेख मात्र ७ ते १० च्या आसपास सपाट झाला. यंत्रात इलेक्ट्रोड आहेत, पण वापरात येणारे पट्टे तेवढे नाहीत.

दोन्ही पेपरांत शॅनन यांचं नाव आहे हे लक्षात घ्या. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाच्या मर्यादा त्यांनी स्वतःच मोजल्या. १९९५ च्या पेपरवर मी जी टीका करतेय तिचा बराचसा दारूगोळा त्याच माणसाच्या कोठारातला आहे. शोधकार्यात याच्यापेक्षा प्रामाणिक दुसरं काही मला तरी दिसलेलं नाही. पण विद्यार्थी म्हणून आपण पहिला पेपर वाचतो, पुढचे दोन 'नंतर वाचू' फोल्डरमध्ये टाकतो.

तर व्होकोडर एकीकडे खुशामत करतो: पट्टे स्वच्छ, जागा बरोबर, चेता निरोगी. दुसरीकडे तो बदनामी करतो: सराव काही तासांचा, आणि आवाजाचा पोत भुताटकीचा. एखादं नमुना-चित्र फक्त एका बाजूने चुकत असेल तर निदान असं म्हणता येतं की 'खरं याहून चांगलंच असणार' किंवा 'याहून वाईटच असणार'. हे दोन्ही बाजूंनी चुकतं, त्यामुळे त्यावरून एका माणसाबद्दल काहीच म्हणता येत नाही. मी जर्नल क्लबमध्ये 'ही कमाल मर्यादा समजा' असं म्हणाले होते आणि कोणीही हटकलं नाही. पुढच्या वेळी कोणी म्हणालं तर तुम्ही हटका.

पोत हा शब्द वापरला त्याबद्दल थोडं. इम्प्लांटमधून ऐकू येणारा आवाज खरंच खरखरीसारखा असतो का, याचा निवाडा कोण करणार? चांगल्या कानाच्या माणसाने इम्प्लांटमधून कधी ऐकलेलं नाही. दोन्ही कानांनी बहिरा झालेला माणूस आठवणीवर सांगेल, पण रोज नवा आवाज ऐकताना जुना आठवणीत तसाच राहतो असं थोडंच आहे? निवाडा करू शकतात ते मोजकेच लोक, ज्यांचा एक कान चांगला आहे आणि दुसऱ्यात इम्प्लांट आहे. अमेरिकेत मायकेल डॉर्मन आणि सहकाऱ्यांनी अशा लोकांसोबत काम केलं. इम्प्लांटच्या कानाला मूळ वाक्य द्यायचं, चांगल्या कानाला त्याच वाक्याची वेगवेगळ्या प्रकारे बदललेली रूपं द्यायची, आणि विचारायचं: सारखं वाटतंय का? खरखरीच्या व्होकोडरला फारच कमी गुण मिळाले. खऱ्या बोलण्यातच फेरफार करून, म्हणजे काही भाग गाळून, काही पसरवून, केलेली रूपं जास्त जवळची वाटली. म्हणजे 'ते असं ऐकतात' म्हणून गेली कित्येक वर्षं सगळीकडे वाजत असलेला भुताचा आवाज ते बहुधा ऐकतच नाहीत.

शॅनन यांनी तसा दावा केला होता का? नाही. पेपर पुन्हा वाचा. प्रश्न आहे किती माहिती लागते, आवाज कसा वाटतो हा नव्हे. खरखर ही त्यांनी निवडलेली वाहक होती, बस. माहिती आणि पोत यांची गल्लत नंतरच्यांनी केली, माझ्यासकट. त्यामुळे काकांच्या सोफ्यावर झालेल्या गोंधळाचं खापर मी या पेपरवर फोडणार नाही. गोषवाऱ्यातल्या 'पुरेशी'वर माझी तक्रार कायम आहे, पण ती वेगळी.

आणि एक तक्रार आहे, ती आपल्या भाषेच्या बाजूने. पेपरात व्यंजनांच्या चुका फोडून दाखवल्यात. व्यंजन घोष की अघोष, हवा पूर्ण अडवली की घासून सोडली, या गोष्टी अगदी दोन पट्ट्यांवरही जवळजवळ पूर्ण कळतात. साहजिक आहे, हे काळातच लिहिलेलं असतं. मागे राहतं ते उच्चारस्थान: ओठ, दात, टाळू, कंठ. ते पट्टे वाढतील तसं सुधारतं, कारण ते वारंवारतांच्या वाटणीत लिहिलेलं असतं. इंग्रजीत याची झळ कमी लागते. प, त, क यांच्यासारख्या भेदात एक तर ओठांवर दिसतो, आणि वाक्याचा अर्थ बाकीचं सांभाळून घेतो.

आता मराठी घ्या. आपल्याकडे त आणि ट हे दोन वेगळे वर्ण आहेत, दोन्ही स्पर्श, दोन्ही अघोष, दोन्ही अल्पप्राण. फरक फक्त जिभेचं टोक कुठे टेकलं याचा. न आणि ण तसेच, ल आणि ळ तसेच. वात आणि वाट. मन आणि मण. काल आणि काळ, वेल आणि वेळ. आणि यातलं काहीही ओठांवर दिसत नाही! आरशासमोर उभं राहून 'वेल, वेळ' म्हणून बघा. इंग्रजीच्या १६ व्यंजनांच्या यादीत दंत्य आणि मूर्धन्य स्पर्शांची अशी जोडी नव्हतीच, कारण इंग्रजीत ती नाही. त्यावर महाप्राणाचा भेद चढवला की सात आणि साठ मिळतात. महाप्राण निदान काळात लिहिलेला आहे, हवेचा झोत लांबतो, म्हणून एन्व्हलपमध्ये त्याची खूण उरायला हवी. मूर्धन्याचं तसं नाही. म्हणून 'तीन पट्टे पुरेसे' हे वाक्य जसंच्या तसं मराठीला लावू नये. मँडरिनच्या बाबतीत लोकांनी लगेच हा प्रश्न विचारला, कारण तिथे सुरावर अर्थ बदलतो. १९९८ मध्ये चियान-जिए फू, झेंग, शॅनन आणि सोली यांनी तो तपासलाही. सुराचा काही भाग एन्व्हलपवरूनच कळतो असं निघालं. आपल्या ट-त चा प्रश्न तितकाच रास्त आहे, आणि तो विचारायला महागडं यंत्र लागत नाही. लॅपटॉप, हेडफोन, नीट केलेली शब्दांची यादी आणि सराव द्यायची तयारी एवढं पुरतं. प्रपोजलसाठी विषय शोधत असाल तर उचला.

हा मुद्दा मला पेपर वाचून सुचलेला नाही. दिवाळीत मिरजेला गेले होते तेव्हा मावशीने सांगितला. भाजीवाला बाई 'साठ' म्हणाली आणि मावशीने सात ऐकून दहाची नोट पुढे केली. बाई हसली, मावशीही हसली. "पण गं, पाच आणि पन्नासला असं होत नाही. सात-साठलाच होतं. आणि वेळ की वेल हे मी वाक्यावरूनच लावते, कानाने नाही." तीस वर्षं वर्गात ळ काढून घेतलेली बाई ती.

मग तिने स्वतःच विचारलं, "तू काकांना ऐकवलं होतंस ते काय होतं? मला पण ऐकव." मी नाही म्हणत होते, पण तिने लॅपटॉप ओढलाच. लावलं. तिने मान तिरकी करून दोनदा ऐकलं. "या मुलीला सर्दी झालीय," ती म्हणाली, "पण मुलगीच आहे ना?" माझाच आवाज होता तो. काका शेजारी चहा घेऊन उभे होते. त्यांना अजूनही ते भुतासारखंच वाटतं. यावरून मी कोणताही निष्कर्ष काढणार नाही, काढता येणारही नाही: मावशीच्या प्रोसेसरने माझ्या व्होकोडरच्या आवाजाचे पुन्हा पट्टे केले होते, एन्व्हलपचा एन्व्हलप काढला होता, त्यात एकच श्रोता, एकच वाक्य, आणि ती माझी मावशी. जर्नल क्लबात असं कोणी सांगितलं असतं तर मी पहिली उठले असते.

"तुझ्या त्या आठ जणांना वेळ आणि वेल विचारलं होतं का?" तिने विचारलं.

"इंग्रजी होतं मावशी."

"मग आपलं कोण विचारणार?"

सध्या शब्दांच्या चाळीस जोड्या जमल्यात. अर्ध्या तिने दिल्या आहेत, 'सोपे शब्द घे, पोरांना यायला हवेत' या अटीवर. रेकॉर्डिंग माझ्या आवाजात करणार होते, पण पहिल्याच बैठकीत तिने माझा ण नापास केला. तोंड दिसत होतं म्हणून की कानाने कळलं, हे तिला विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी पाठ करून बसवीन आणि मग विचारेन.